आधी तुमच्या मुलाला म्हणू दे

एरवी आठवड्याचे सहा दिवस "जेवायला या, जेवायला या" म्हणून माझा घसा बसतो. पण ते अकरा शुक्रवार आमच्या घरी साडेसातलाच ताटं वाढलेली असायची आणि मुलगी न सांगता टेबल पुसायची. आठ वाजता त्या जपानी मालिकेचा नवा भाग यायचा ना!

मालिका तिनेच शोधलेली. ती सतरा वर्षांची आहे आणि जपानी शिकते, म्हणजे आम्ही काही विचारलं की जपानीत उत्तर देते आणि पुन्हा विचारलं की इंग्रजीत वैतागते, तेही इथल्या सिंगापुरी पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून. "आई, फुल बॉक्स टिश्यू आणून ठेव हां," म्हणाली. नवरा म्हणाला, "मी फक्त दहा मिनिटं बसतो." तो अकराच्या अकरा भाग बसला, आणि खाली येणारी इंग्रजी अक्षरं मोठ्याने मराठीत वाचून दाखवत बसला, जसं काही आम्ही दोघी निरक्षर.

गोष्ट अशी. नायक पूल बांधणारा इंजिनिअर. सायकलवरून पडतो, डोक्याला मार लागतो आणि मागची तीन वर्षं पार पुसली जातात. एकच गोष्ट शिल्लक राहते. बर्फ पडत असताना एका स्टेशनवर एका मुलीने स्वतःचा हातमोजा काढून त्याच्या हातात चढवला होता आणि म्हणाली होती, "दुसरा हात खिशात ठेव." तिचा चेहरा आठवत नाही, नाव आठवत नाही. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलेली असते ती त्याच्या ऑफिसातली एक साधीशी मुलगी, मनातल्या मनात त्याच्यावर जीव जडवून बसलेली. तो डोळे उघडतो आणि विचारतो, "हातमोजा दिलास ती तूच ना?" ती थोडी थांबते आणि म्हणते, "हो."

"लबाड बाई!" नवरा सोफ्यावर ताठ झाला. "अगं, पहिल्याच दिवशी सांगायला नको? सरळ म्हणायचं, मी नव्हे ती!"

"बाबा, चिल लाह. शी लव्ह्ज हिम."

"प्रेम असेल. म्हणून दुसरीची आठवण ढापायची?"

मी टिश्यूच्या खोक्यात हात घालून उगीच शोधाशोध केली. मी स्वतः एकवीस वर्षं दुसरीचा हातमोजा घालून त्याच्या शेजारी बसले होते.

माझा हातमोजा म्हणजे एक वाक्य. नवरा लग्नाआधी दोन वर्षं सिंगापुरात नोकरीला होता. लग्न ठरवायला म्हणून अकरा दिवसांची रजा काढून पुण्याला आला आणि त्यात चार दिवसांत सहा मुली पाहिल्या. मी पाचवी. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्यामुळे बरोबर सासरे आणि त्याची मोठी बहीण असायची. त्या कार्यक्रमाचा एक किस्सा तो आमच्या लग्नापासून सांगत आला आहे. अमुक ठिकाणी हातवारे, तमुक ठिकाणी आवाज खाली, सगळं ठरलेलं.

"बाबांनी विचारलं, गाणं येतं का? हिने मान वर केली. निळी साडी, सरळ नजर. म्हणाली, येतं. पण आधी तुमच्या मुलाला म्हणू दे, मग मी म्हणते!" इथे तो थांबतो, लोक हसतात, मग तो पुढे जातो. "खोली गार पडली हो. मग काय, म्हटलं मी. तेही मधल्या कडव्यापासून, कारण सुरुवातच आठवेना. पण तेव्हाच ठरवलं, करायची तर हीच."

आणि सगळे माझ्याकडे बघतात.

आमच्या घरी त्या दिवशी गाण्याचा विषयच निघाला नव्हता. माझ्या अंगावर पिस्ता रंगाचा पंजाबी ड्रेस होता. मी प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होते. स्वयंपाक येतो? हो. परदेशात राहायची तयारी आहे? हो. हा धाकटा भाऊ का? हो. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. नंतर आमच्या आईने "मुलाला आणि मुलीला दहा मिनिटं बोलू द्या" म्हणून आम्हाला गॅलरीत पाठवलं. तिथे मी कठडा घट्ट धरून उभी होते, इतकंच मला आठवतं. कठड्याचा रंग हाताला लागला होता.

तो किस्सा मी पहिल्यांदा ऐकला तो सिंगापुरातल्या पहिल्या दिवाळीत, त्याच्या साहेबांच्या कॉन्डोमध्ये. चाळीसेक मराठी माणसं, मी ओळखत नव्हते त्यातल्या एकालाही. आठवडाभरापूर्वी मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उलट्या दिशेने बसून टोकाच्या स्टेशनापर्यंत गेले होते, कारण कुणाला विचारायचं धाडस झालं नव्हतं. नवऱ्याने किस्सा सुरू केला आणि मला वाटलं, आता मध्येच थांबेल, म्हणेल, अरे, नाही, ती दुसरी. थांबला नाही. सगळे हसले. एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला त्या वयात असं बोलता आलं असतं तर!" इतक्या जणांनी एकदम माझ्याकडे कौतुकाने बघण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. मी फक्त हसले. तेवढंच केलं.

मग ते वाक्य आमच्याबरोबर फिरत राहिलं. गणपतीत, पुंगोलला कुणाच्या नव्या फ्लॅटच्या पूजेत, जुरोंग ईस्टच्या मित्राकडे दर नववर्षाला. लोक मला बघून म्हणायला लागले, "ही तीच का?" आणि मी तीच असल्यासारखं वागायला लागले. काहीतरी खमंग बोलेन अशी लोकांची अपेक्षा, मग मी घरून दोन वाक्यं तयार करून न्यायची. हळूहळू तयारी करावी लागेनाशी झाली. आज अलेक्झांड्रा रोडवरच्या माझ्या ऑफिसात लोक मला जरा बिचकूनच असतात. माझं कामच मुळी दुसऱ्यांनी लिहिलेली कागदपत्रं तपासून चुका दाखवण्याचं. त्या चुका मी ज्या सुरात दाखवते, तो सूर तिचा आहे.

तिचा. 'ती' म्हणजे सहातून मला वजा केल्यावर उरलेल्या पाचांतली कुणीतरी एक. एवढ्या वर्षांत तिला मी पूर्ण उभी केली आहे. ती मिरजेची, कारण मिरजेच्या प्रत्येक घरात गाणं असतं असा माझा समज आहे. जाड शेपटा. माझ्याबरोबर तिचंही वय वाढवलं मी, पण वजन काही केल्या वाढवता आलं नाही. तिचा भात कधी खाली लागत नाही. तिच्या मुली तिला मराठीत उत्तर देतात. नवरा अंघोळ करताना गुणगुणायला लागला की मी बाहेरून दार वाजवते आणि गॅस संपल्यासारखी काहीतरी थाप मारते. आमच्याकडे गॅस नळाने येतो, हे त्याच्याही लक्षात येत नाही.

आणि निळ्या साड्या. लग्नाच्या वाढदिवसाला मोठ्या उत्साहाने त्याने मला आजवर चार साड्या आणल्या, चारही निळ्या. "तुला निळा काय शोभतो!" मला निळा शोभत नाही. निळ्यात मी आजारी दिसते. चारही साड्या माझ्या कपाटात आहेत आणि चारही तिला दिलेल्या आहेत. मी फक्त सांभाळते.

हसायचं ते हसून घ्या, पण एक प्रश्न मात्र माझी पाठ सोडत नव्हता. हा घोटाळा झाला कधी? लग्नानंतर झाला असेल तर ठीक, माणसं विसरतात, चेहरे एकमेकांत मिसळतात. पण आधीच झाला असेल तर? चौथ्या दिवशी संध्याकाळी तो दमलेला, सहा घरचे पोहे पोटात, सहा चेहरे डोक्यात. सासूबाई विचारतात, कुठली रे? हा म्हणतो, ती गाण्यावरून बोलली ती. आणि चुकून फोन जातो माझ्या घरी. म्हणजे मी दुसरीच्या मांडवात उभी राहिले, आणि तिकडे मिरजेला तिला विनाकारण नकार गेला. त्याने होकार नक्की कुणाला दिला होता? विचारायचं तर आधी कबूल करायला हवं की ते वाक्य माझं नाही. आणि ते नाही म्हटल्यावर त्याच्या हातात माझं म्हणून काय उरतं? पिस्ता ड्रेस आणि सहा वेळा "हो".

मालिकेचा सातवा भाग आला त्या आठवड्यात ताई आल्या. नवऱ्याची मोठी बहीण, तीच, जी सगळ्या घरी बरोबर होती. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान पुण्यात क्रिकेट बघत बसलेले, म्हणून महिनाभर भावाकडे. त्या आल्या की मी नवऱ्याला "अरे" वरून "अहो" वर आणते. पहिले दोन दिवस त्याला कळतच नाही मी कुणाशी बोलते आहे.

ताई याआधी तीनदा येऊन गेल्या होत्या. नवऱ्याने त्यांच्यासमोर किस्सा सांगितला की त्या समोरच्या वाटीत चमचा फिरवत बसत. त्यांना सगळं माहीत आहे, हे मला माहीत होतं. त्या का गप्प बसतात ते कळत नव्हतं.

आता त्या सोफ्यावर माझ्या शेजारी बसून मालिका बघू लागल्या. आठव्या भागात खरी हातमोजेवाली गावात येते आणि बरोब्बर नायकाच्या ऑफिससमोर बेकरी उघडते. जपान एवढा मोठा देश, पण दुसरी जागा मिळाली नाही.

"पकडली जाणार आता!" नवऱ्याने हात चोळले. "आता बघा कशी तोंडावर पडते!"

"तुम्हाला एवढा आनंद कसला होतोय?" मी म्हटलं.

"न्याय होतोय, न्याय!"

"बिचारी," ताई म्हणाल्या.

"कोण आत्या, व्हिच वन?" मुलीने विचारलं.

"दोघी," ताई म्हणाल्या आणि पाणी प्यायला उठून गेल्या.

त्या "दोघी"मुळे मला सकाळपर्यंत धीर निघेना. दुसऱ्या दिवशी शनिवार. नवरा आणि मुलगी भाजी आणायला मार्केटात गेले. मी आणि ताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी. आमचा क्वीन्सटाउनचा फ्लॅट जुना, अकराव्या मजल्यावर. कपडे लांब बांबूला अडकवायचे आणि बांबू खिडकीबाहेरच्या नळकांड्यात खुपसायचा, अशी इथली पद्धत. ताईंना ते बघवत नसे.

"अगं, माझा परकर त्या काठीवरून सुटून कुणाच्या डोक्यावर पडला म्हणजे?"

"चिमटे लावलेत, ताई."

"परकराला चार लाव."

मी चार लावले. पाचवाही लावला. मग त्यांच्याकडे न बघता विचारलं, "ताई, तुम्ही सगळ्या मुली बघायला बरोबर होतात ना. ती गाण्यावरून बोलली, ती कुठली होती? मिरजेची का?"

"कुठली कोण?"

"ती हो. आधी तुमच्या मुलाला म्हणू दे म्हणणारी."

ताईंनी हातातला ओला टॉवेल खाली ठेवला. "म्हणजे तुला माहितीय, ते तू म्हणाली नव्हतीस?"

"मी म्हटलं की नाही हे मला नाही कळणार? मी तर भावालाही धाकटा म्हटलं."

"मग इतकी वर्षं हसतेस काय त्याच्या शेजारी बसून?"

"ते सोडा. ती कोण?"

ताई स्टुलावर बसल्या. "अगं, ती मी."

मी चिमटा उलटा धरून उभी.

"मी तेवीस वर्षांची होते. बघायला आले होते ते बँकेतले. त्यांच्या वडिलांनी विचारलं, गाणं येतं का. सकाळपासून त्या पोह्यांच्या वाफेत उभी होते, साडी टोचत होती, काय झालं कुणास ठाऊक, म्हणून गेले. मुलगा लालबुंद झाला. आणि हा आपला बारावीतला दिवटा, कोपऱ्यात बसला होता, याने बहिणीला वाचवायचं म्हणून गाणं सुरू केलं. मधूनच! एवढा भसाडा आवाज, माहितीय ना तुला."

"माहितीय."

"दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी आगाऊ आहे. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वेळी मी दोन्ही कडवी म्हणून दाखवली, खाली मान घालून. ते म्हणजे आमचे हे." ताईंनी टॉवेल उचलला, पिळला, पिळलेलाच होता तो. "आयुष्यात एकच वाक्य बोलले मी धडाचं. आणि याने ते उचलून तुला दिलं."

"ताई, मला खरंच..."

"पहिल्यांदा ऐकलं ना, तुमच्या लेकीच्या बारशाला, तेव्हा असा संताप आला होता! म्हटलं, बायकोला दागिने कर, साड्या घे, माझं वाक्य कशाला देतोस? पण तू इतकी फुलून हसत होतीस. म्हटलं, राहू दे. घरातल्या घरातच आहे."

सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंद झाला. मिरजेची नाहीच! एकवीस वर्षं जिच्यावर जळले ती जन्मालाच आली नव्हती. मला त्या बांबूसकट नाचावंसं वाटलं. मग ताईंचा चेहरा बघितला आणि नाच उतरला. मी आपली नसलेल्या बाईवर जळत बसले होते, आणि माझ्यावर जळायला एक जिवंत, सख्खी नणंद वाटीत चमचा फिरवत बसलेली होती.

आणि त्यानंतर, माझा स्वभाव किती वाईट आहे बघा, मला ताईंचा मत्सर वाटायला लागला. कारण त्यांनी ते खरोखर म्हटलं होतं.

प्रश्न अर्धाच सुटला होता. घोटाळा दुसऱ्या मुलीशी झालेला नव्हता, हे कळलं. पण मग त्याने माझ्यात काय पाहिलं? निदान मिरजेची असती, तर चुकून निवड झाली असं तरी म्हणता आलं असतं. आता चूकही नाही आणि कारणही नाही.

अकराव्या भागाचा शुक्रवार उजाडला. ताईंचं विमान रविवारी. मालिकेत बर्फ पुन्हा पडायला लागला. तेच स्टेशन. ती साधीशी मुलगी नायकाला सांगते की हातमोजा माझा नव्हता. आमच्याकडे नवऱ्याने अक्षरं वाचणंही बंद केलं होतं. मग ती दोघं वेगवेगळ्या फलाटांवर जाऊन उभी राहतात, मधून गाडी जाते, आणि संपलं. पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. जपानी लोकांचा असा राग येतो.

नवरा नाक पुसत होता. तिसरा टिश्यू. "सांगितलं शेवटी. पण फार उशीर केला बाई हिने."

"किती उशीर म्हणजे फार उशीर?" मी विचारलं.

"अगं, अकरा भाग!"

"एकवीस वर्षं असती तर?"

"छे! एकवीस वर्षं कोण गप्प बसतं?"

"मी," मी म्हटलं. 'अहो' वगैरे विसरून गेले. "अरे, ते गाण्याचं वाक्य माझं नाही. मी तसं कधी बोललेच नव्हते."

"काहीतरीच. मला स्वच्छ आठवतंय. निळी साडी..."

"माझी," ताई म्हणाल्या. "आईची होती. मला टोचायची."

"आणि मी गायलो!"

"गायलास. बारावीत होतास. बँकेतले आले होते मला बघायला."

नवरा ताईंकडे बघे, माझ्याकडे बघे, बंद टीव्हीकडे बघे. त्याच्या डोक्यात फर्निचर सरकवल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता. "ते दाराशी... बाबा नव्हते? ते टोपीवाले..."

"बाबांनी कधी टोपी घातली का रे?"

"वेट, वेट," मुलगी सोफ्यावर मांडी घालून बसली. "सो दॅट फेमस लाइन इज आत्याज? आई, यू नेव्हर सेड इट? ट्वेंटी-वन इयर्स! वर्स दॅन द ड्रामा लाह." आणि मग तिने तोच प्रश्न विचारला जो मी एवढी वर्षं घशात धरून होते, आणि किती सहज विचारला, जसं काही उद्या डब्याला काय. "देन बाबा, व्हाय डिड यू पिक आई?"

मी पाण्याचे ग्लास गोळा करायला लागले. चार होते. मी ते दोनदा गोळा केले.

नवरा म्हणाला, "कपड्यांवरून."

"पिस्ता ड्रेस?" माझा आवाज चिरकला.

"कसला पिस्ता? गॅलरीत गेलो होतो ना आपण. दोरीवर कपडे वाळत होते. तू इतका वेळ गप्प, मला वाटलं हिला जबरदस्तीने उभं केलंय. मग एकदम म्हणालीस, तिथे कपडे वाळतात का?"

"मी?"

"तूच. आधीच्या चार घरी सगळ्यांनी विचारलं पगार किती, घर स्वतःचं का, देऊळ जवळ आहे का. तू विचारलंस कपडे वाळतात का. मला उत्तर येईना, माझे कपडे तेव्हा लाँड्रीत जायचे. म्हटलं, हिने तिथे राहून बघितलंय मनात. खाली उतरताना जिन्यातच बाबांना सांगितलं. सहावीकडे नुसता दिलेला शब्द पाळायला गेलो."

"मग हे कधी सांगितलं नाहीस ते कुणाला?"

"हा काय सांगण्यासारखा किस्सा आहे? लोक हसणार कुठे यात?"

मी ग्लास धरून उभी होते आणि मला ते वाक्य अजिबात आठवत नव्हतं. अजिबात. कठडा आठवत होता, हाताला लागलेला रंग आठवत होता, पण कपडे नाहीत, दोरी नाही. आणि माझ्या मनाने लगेच, त्याच क्षणी, काय केलं असेल? म्हटलं, गॅलऱ्या सहाही घरांना असतील. दहा मिनिटं बोलू द्या असं सगळ्याच आया म्हणत असतील. मग ही कपडेवाली कोण?

"ताई, तुम्ही ऐकलंत का?"

"मी आत तुझ्या आईबरोबर. त्या मला लोणच्याची बरणी दाखवत होत्या."

"दोरीवर काय होतं?" मी नवऱ्याला विचारलं. आवाजाला ऑफिसातला सूर लागला होता.

"चादर होती एक. जांभळ्या फुलांची. वाऱ्याने सारखी तुझ्या तोंडावर येत होती."

जांभळ्या फुलांची चादर आमच्याकडे होती का? आई पुण्यात, फोन एका हाकेवर. तिच्या चादरी, टॉवेल, कुठल्या वर्षी कुठल्या दुकानातून, सगळं तिला पाठ असतं. अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता.

शनिवारी दुपारी जुरोंग ईस्टचं मित्रमंडळ ताईंना भेटायला जेवायला आलं. आमटी वाढता वाढता मित्र म्हणाला, "हं, होऊन जाऊ दे तो गाण्याचा किस्सा." नवऱ्याने ताईंकडे बोट दाखवलं. ताई उभ्या राहिल्या. माझ्या चार निळ्या साड्यांतल्या तीन मी सकाळीच त्यांच्या बॅगेत भरल्या होत्या, चौथी त्या नेसल्या होत्या. ताईंना निळा काय शोभतो! त्यांनी ते वाफेत उभं राहणं करून दाखवलं, टोपीवाले करून दाखवले, लालबुंद मुलगा करून दाखवला, आणि वाक्य असं टाकलं की मित्राला ठसका लागला. मग भावाला मधलं कडवं म्हणायला लावलं, आणि त्यानंतर स्वतः पहिल्यापासून दोन्ही कडवी म्हटली. मान वर करून. साठीला आलेल्या बाईचा आवाज इतका लागावा? एकवीस वर्षांत त्या वाक्याला असा हशा कधी मिळाला नव्हता. टाळ्या वाजवताना माझा जीव नुसता जळत होता.

"अरेच्चा, मग तुझं काय?" मित्राची बायको माझ्याकडे वळली. "तू काय म्हणाली होतीस?"

नवरा भात कालवता कालवता थांबला.

"मी?" मी म्हटलं. "मी विचारलं, तिथे कपडे वाळतात का?"

कुणी हसलं नाही. मित्राची बायको खिडकीबाहेरच्या बांबूकडे बघून म्हणाली, "आणि वाळतात का गं तुझ्याकडे? आमचे मेले दमटच राहतात."

मग त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

आईचा फोन दर रविवारी येतो. त्या रविवारीही आला. ताईंना विमानतळावर सोडून आम्ही परत येत होतो. पाऊण तास बोलले मी तिच्याशी, हवा, गुडघे, शेजारणीची सून. चुका तपासण्यावर माझं पोट आहे. चादरीचं मी विचारलं नाही.